स्वित्झर्लंड: शेजारी देशांतून येणाऱ्यांवर मतपेटीतून मर्यादा घालता येते का?

लिमातकाठ (धागाकर्ता)

झुरिक परिसरातील मराठी मंडळी एकत्र आली की हल्ली घरभाडे आणि शाळाप्रवेश यांच्या जोडीने आणखी एक विषय निघतो. स्विस पीपल्स पार्टीने 'एक कोटींचा स्वित्झर्लंड नको' या नावाचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव मांडला असून त्यासाठी लागणाऱ्या एक लाखाहून अधिक सह्या २०२४ मध्ये सरकारकडे सादर झाल्या. प्रस्ताव असा आहे की २०५० पूर्वी देशाची कायम लोकसंख्या एक कोटीच्या वर जाऊ नये. ती ९५ लाखांवर पोहोचली की सरकारने आश्रय आणि कुटुंबीयांना आणण्याचे नियम आवळावेत. आणि एवढे करूनही एक कोटीचा आकडा ओलांडला गेलाच, तर दोन वर्षांनंतर युरोपीय संघाबरोबरचा मुक्त संचाराचा (एकमेकांच्या नागरिकांना येऊन राहण्याची आणि काम करण्याची मोकळीक देणारा) करार संपुष्टात आणावा.

खरी मेख या शेवटच्या कलमात आहे. हा करार १९९९ मध्ये झाला आणि १ जून २००२ पासून लागू आहे. तो एकटा नाही; त्याच वेळी झालेल्या सात करारांपैकी एक मोडला तर उरलेले सहाही मोडतात, आणि त्यांत स्विस मालाला युरोपची बाजारपेठ मोकळी करून देणारे करारही आहेत. इथली वर्तमानपत्रे याला 'गिलोटिन कलम' म्हणतात. जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ऑस्ट्रिया या चार मोठ्या शेजाऱ्यांनी वेढलेल्या देशाने 'माल जाऊ द्या, माणसे येऊ देऊ नका' असे म्हणणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही. तरीही हा प्रश्न गेली पन्नासहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा मतदानाला येत आहे. मर्यादा घालायची आणि बाजारपेठही राखायची, हे दोन्ही एकाच वेळी जमू शकते का, याविषयी इथल्या जाणकारांनी लिहावे. मला मताधिकार नसल्यामुळे माझी उत्सुकता निखळ आहे.

शंकासुर

एक कोटीचा आकडा बृहन्मुंबईने २००१ च्या जनगणनेतच ओलांडला होता. तो घटनेत लिहून ठेवण्याची बुद्धी आपल्याला वेळेवर झाली नाही.

इतिहासवेडा

धागाकर्त्यांनी पन्नास वर्षांचा उल्लेख केला आहे, म्हणून त्या पहिल्या मोठ्या मतदानाविषयी लिहितो.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्विस कारखाने शाबूत होते आणि माणसे कमी पडत होती. १९४८ मध्ये इटलीशी कामगारभरतीचा करार झाला. दक्षिण इटलीतून आलेल्या कामगारांनी बोगदे खणले, धरणे बांधली, हॉटेलांत भांडी घासली. त्यांतील बऱ्याच जणांना हंगामी परवाना मिळे. वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिने राहायचे, मग परत जायचे, आणि बायकामुलांना सोबत आणायचे नाही. ज्यांना राहवले नाही त्यांनी मुले लपवून आणली. दिवसभर आवाज न करता, पडदे ओढलेल्या खोलीत वाढलेली ती मुले आज साठीच्या पुढे असून आता उघडपणे आपली हकिकत सांगत आहेत. ३० ऑगस्ट १९६५ रोजी माटमार्क येथे धरणाच्या कामगारवस्तीवर हिमनदीचा कडा कोसळून ८८ माणसे मेली. त्यांतील ५६ इटालियन होती.

अशा काळात संसद सदस्य जेम्स श्वार्त्सेनबाख यांनी प्रस्ताव आणला की कोणत्याही कँटनमध्ये (स्विस घटकराज्यात) परकीयांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असू नये. जिनिव्हाला तेवढी २५ टक्क्यांची सवलत. तो मान्य झाला असता तर लाखो माणसांना सामान आवरावे लागले असते. सरकार, मोठे पक्ष, उद्योजक आणि कामगार संघटना असे सगळे विरोधात असूनही ७ जून १९७० रोजी सुमारे ७५ टक्के मतदान झाले आणि प्रस्ताव ५४ विरुद्ध ४६ अशा फरकाने पडला. हे सर्व मतदार पुरुष होते, कारण स्विस स्त्रियांना देशपातळीवरील मताधिकार फेब्रुवारी १९७१ मध्ये मिळाला.

प्रस्ताव पडला, पण सरकार घाबरले आणि त्याने स्वतःच वार्षिक कोटे घट्ट केले. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर नोकऱ्या गेल्या तेव्हा परकीय कामगार मोठ्या संख्येने मायदेशी परतले. त्या वेळी बेरोजगारी विमा सर्वांना सक्तीचा नव्हता आणि नोकरीबरोबर परवानाही धोक्यात येई, त्यामुळे स्वित्झर्लंडने आपली बेकारी शेजाऱ्याकडे पाठवून दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. मर्यादा घालता येते का, याचे उत्तर इतिहासाच्या बाजूने 'हो, येते' असे आहे. ती कोणाच्या जिवावर घातली जाते, एवढे मात्र पाहावे.

मृद्गंध

वाचतेय. 'लपवून ठेवलेली मुले' हे माहीत नव्हते. वाचनखूण साठवली आहे.

मुक्ता_जो

इतिहासवेडा यांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु धागाकर्त्यांच्या प्रश्नाची खरी परीक्षा १९७० मध्ये झालेली नाही, कारण तेव्हा मुक्त संचाराचा करारच नव्हता. ती ९ फेब्रुवारी २०१४ रोजी झाली.

त्या दिवशी 'मोठ्या प्रमाणावरील स्थलांतराविरुद्ध' हा प्रस्ताव ५०.३ टक्के मतांनी मंजूर झाला. फरक सुमारे एकोणीस हजार मतांचा होता. योगायोग असा की १९९२ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रात जायला स्विस मतदारांनी नकार दिला, तोही ५०.३ टक्क्यांनीच. मंजूर झालेल्या कलमानुसार सरकारने तीन वर्षांत वार्षिक कोटे ठरवायचे होते आणि नोकरीत स्विस नागरिकांना प्राधान्य द्यायचे होते.

परिणाम काही आठवड्यांतच दिसू लागले. क्रोएशिया तेव्हा युरोपीय संघात नुकताच आला होता. त्याच्या नागरिकांना मुक्त संचार देणाऱ्या मसुद्यावर स्वित्झर्लंडने सही केली नाही. त्यावर युरोपीय संघाने इरॅस्मस विद्यार्थी देवाणघेवाण आणि होरायझन संशोधन कार्यक्रम या दोन्हींबाबतची बोलणी थांबवली. कोट्यांविषयी वाटाघाटी करायलाच ब्रसेल्सने नकार दिला. शेवटी डिसेंबर २०१६ मध्ये स्विस संसदेने कायदा केला त्यात कोटा हा शब्दही नव्हता. ज्या व्यवसायांत बेकारी ठरावीक पातळीच्या वर आहे, तिथली रिकामी जागा आधी सरकारी रोजगार कार्यालयाला कळवायची, एवढेच बंधन आले. २०१८ मध्ये ती पातळी ८ टक्के होती आणि २०२० पासून ५ टक्के झाली. प्रस्ताव मांडणाऱ्यांनी याला घटनेचा भंग म्हटले आणि कलमाचा शब्द पाहिला तर त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

म्हणून २०१४ चा प्रस्ताव आणणाऱ्या स्विस पीपल्स पार्टीने दुसरा, अधिक थेट प्रस्ताव आणला: मुक्त संचार रद्दच करा. २७ सप्टेंबर २०२० रोजी ६१.७ टक्के लोकांनी तो फेटाळला. दोन्ही निकाल एकत्र वाचले की मतदारांचे मन कळते. आडवळणाने मर्यादा मागितली तर निसटते 'हो', आणि करार मोडून मागितली तर स्पष्ट 'नाही'.

बाझलकर

मुक्ता_जो यांनी २०१४ चे छान सांगितले, पण त्याची झळ प्रत्यक्षात कोणाला लागली ते राहिले. ती आपल्याला लागली.

युरोपबाहेरच्या देशांतून येणाऱ्यांसाठी, म्हणजे भारतीयांसाठीही, स्वित्झर्लंड दरवर्षी परवान्यांचा कोटा जाहीर करते. जर्मन किंवा फ्रेंच माणूस नोकरी मिळाली की येऊ शकतो. भारतीय माणसासाठी मालकाला आधी दाखवून द्यावे लागते की या कामाला स्विस किंवा युरोपीय उमेदवार मिळाला नाही. २०१४ च्या मतदानानंतर सरकारला 'आम्ही काहीतरी केले' हे दाखवणे भाग होते. शेजाऱ्यांना हात लावता येत नव्हता. म्हणून २०१५ साठी आमचा कोटा ८,५०० वरून ६,५०० वर आणला. पुढे बाझल आणि झुरिकच्या उद्योगांनी आरडाओरड केल्यावर तो टप्प्याटप्प्याने वाढत २०१९ मध्ये पुन्हा ८,५०० झाला.

मी त्याच सुमारास पुण्याहून औषधनिर्मिती क्षेत्रात इथे येत होतो. नेमणुकीचे पत्र हातात होते आणि कंपनीने कळवले की कँटनच्या वाट्याचे परवाने संपले आहेत, पुढचा हप्ता खुला होईपर्यंत थांबा. पुण्यातील घर सोडण्याची सूचना देऊन बसलो होतो. तक्रार नाही, कारण शेवटी आलोच. पण राग शेजाऱ्यावर आणि कात्री दूरच्या पाहुण्याला, हा न्याय मी तेव्हा शिकलो.

शंकासुर

बाझलकर, म्हणजे इटालियन गवंड्याविरुद्ध मत पडले आणि पुण्याच्या रसायनशास्त्रज्ञाची गाडी चुकली. याला म्हणतात अचूक नेम.

दीपस्तंभ

मला यात फार गुंतागुंत दिसत नाही. २०१४ चा नकाशा पाहावा. जिनिव्हा, बाझल शहर आणि झुरिक, म्हणजे जिथे परकीय सर्वाधिक राहतात, त्या कँटनांनी विरोधात मत दिले; डोंगराळ, ग्रामीण कँटनांनी, जिथे परकीय क्वचित दिसतो, बाजूने दिले. जो शेजारी आपण पाहिलेलाच नाही, त्याची भीती जास्त वाटते. हा निव्वळ परकीयद्वेष आहे. त्याला अर्थशास्त्राचे कपडे चढवू नयेत.

तिचीनोकर

दीपस्तंभ, तुमच्या नकाशात एक कँटन गळाले आहे आणि मी त्यातच राहते.

तिचीनो हे स्वित्झर्लंडचे इटालियन भाषिक कँटन. २०१४ मध्ये सर्वाधिक पाठिंबा इथून मिळाला, ६८ टक्के. २०२० मध्ये देश विरोधात असतानाही इथले बहुमत बाजूने होते. इथल्या माणसाने परकीय पाहिलेला नाही असे कोण म्हणेल? लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास, आणि इटलीतून दररोज कामाला येणारे सीमापार नोकरदार जवळपास ऐंशी हजार. कँटनमधली तीनपैकी जवळजवळ एक नोकरी सीमेपलीकडे राहणाऱ्या माणसाकडे आहे. सकाळी कियासोच्या नाक्यावर आणि लुगानोकडे येणाऱ्या रस्त्यावर उभे राहिलात तर संपूर्ण वादविवाद चाकांवर सरकताना दिसेल.

येणारा माणूस इटालियनच बोलतो, हे लक्षात घ्या. झुरिकच्या कचेरीत जर्मन येत नसल्यामुळे अडणारा उमेदवार इथे अडत नाही. तो कोमो किंवा व्हारेसेच्या घरभाड्यात राहतो, त्यामुळे लुगानोत राहणाऱ्याला परवडणार नाही अशा पगारावर काम स्वीकारू शकतो, आणि तरीही इटलीतल्यापेक्षा अधिक कमावतो. मालकाला हे चांगले ठाऊक असते. इथले पगार देशाच्या सरासरीपेक्षा बरेच कमी आहेत. आमच्या ओळखीतील स्विस मुले शिक्षण संपले की गोटहार्डच्या बोगद्यातून उत्तरेकडे जातात आणि परत येत नाहीत.

हा राग कोणत्या रूपात बाहेर पडतो तेही सांगते, कारण ते लपवण्यासारखे नाही. २०१० मध्ये इथे भित्तिपत्रके लागली होती ज्यांत स्विस चीज कुरतडणारे उंदीर होते. त्यातला एक इटालियन फरशीवाला होता आणि एक रुमानियन. २०१६ मध्ये 'आधी आपली माणसे' असा कँटनचा प्रस्ताव ५८ टक्क्यांनी मंजूर झाला, पण राष्ट्रीय कायदा आणि करार यांच्यापुढे त्याला फारसा अर्थ उरला नाही. ज्याचा काही उपयोग होऊ शकतो असे पाऊल वेगळेच होते. २०१५ मध्ये इथल्या मतदारांनी किमान वेतनाचे तत्त्व मान्य केले आणि २०२१ मध्ये त्याचा कायदा लागू झाला. येणाऱ्यांची संख्या न मोजता मालकाने द्यायचा पगार बांधून दिला, की स्वस्त माणूस आणण्याचा मोह कमी होतो. वेतनाचा आकडा फार खाली ठरवला गेला, हे माझे मत आहे. पण दिशा योग्य होती.

दीपस्तंभ

तिचीनोकर ताई, तुमचा पगाराचा मुद्दा मान्य, पण उंदरांच्या चित्रानंतर 'हा आर्थिक प्रश्न आहे' असे कसे म्हणता येईल? पगार पाडणारा मालक त्या चित्रात कुठे होता?

तिचीनोकर

नव्हता. मी तेच म्हणते आहे. मालक स्थानिक असतो आणि त्याला मत असते.

तळकोकणी

चर्चा स्वित्झर्लंडची आहे याची जाणीव ठेवून एक आपल्याकडचे उदाहरण देतो. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० च्या करारानुसार खुली सीमा आहे. नेपाळी नागरिकाला इथे येऊन काम करायला परवाना लागत नाही. रत्नागिरीत आमच्या हापूसच्या बागांची राखण आणि फळे उतरवण्याचे काम कित्येक वर्षे नेपाळी गडी करतात. मोहोर आला की येतात, हंगाम आटोपला की बरेच जण घरी जातात. इतिहासवेडा यांनी सांगितलेला नऊ महिन्यांचा परवाना वाचून मला तेच आठवले. फरक असा की आमच्या गड्यांना सरकारने बायकामुले आणायला मनाई केलेली नाही आणि बागेतल्या खोपटात कुटुंबे राहतातही. त्यांच्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचे आमच्या भागात मी तरी पाहिले नाही. कारण उघड आहे, त्या कामाला गावातला तरुण तयार नाही.

निखारा

तळकोकणी यांनी सीमेचा विषय काढलाच आहे तर आसामविषयी बोलल्याशिवाय हा धागा अपुरा आहे. तिथे २४ मार्च १९७१ ही तारीख १९८५ च्या करारात ठरली, २०१९ च्या नागरिक नोंदणीत १९ लाखांहून अधिक नावे बाहेर राहिली, आणि तरीही कोणत्याच बाजूचे समाधान झालेले नाही.

लिमातकाठ

निखारा, विषय महत्त्वाचा आहे याबद्दल दुमत नाही. परंतु आसामचा वाद नागरिकत्व कोणाचे हे ठरवण्याचा आहे. इथला वाद ज्यांचे परकीयत्व कोणीच नाकारत नाही अशा, रीतसर करारानुसार येणाऱ्या माणसांविषयी आहे. दोन्ही एकत्र केले तर दोन्हींचा विचका होईल. स्वतंत्र धागा काढलात तर मी नक्की येईन.

गणिती

मूळ प्रश्नाकडे येतो. मर्यादाही आणि बाजारपेठही, हे दोन्ही मिळवलेला एक देश आहे आणि तो स्वित्झर्लंडला चिकटून आहे: लिश्टेनश्टाइन.

लोकसंख्या चाळीस हजारांच्या घरात. १९९५ पासून युरोपीय आर्थिक क्षेत्राचा सभासद, म्हणजे बाजारपेठ खुली. तरीही देशाच्या लहान आकारामुळे त्याला खास सवलत मिळाली. त्या क्षेत्रातील नोकरदारांना तो वर्षाला किमान ५६ आणि नोकरी न करणाऱ्यांना १६ निवास परवाने देतो, आणि त्यांतील निम्मे चक्क सोडत काढून.

परिणाम काय झाला? तिथल्या कारखान्यांना माणसे लागतातच, त्यामुळे देशातील निम्म्याहून अधिक कामगार रोज ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमधून येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्यांची घरे, मुलांच्या शाळा आणि म्हातारपणाची सोय शेजाऱ्याच्या अंगणात. हा नमुना लिश्टेनश्टाइनला परवडतो तो बाकीचे देश तो वापरत नाहीत म्हणून. नव्वद लाखांच्या देशाला युरोपीय संघ ही सवलत देईल, हे मला संभवनीय वाटत नाही.

शंकासुर

सोडत! म्हणजे म्हाडाच्या अर्जाचा अनुभव असलेल्या मराठी माणसाला युरोपात एका ठिकाणी तरी घरच्यासारखे वाटेल.

सरोवरापलीकडे

गणिती यांनी 'शेजाऱ्याच्या अंगणात' म्हटले. मी त्या अंगणात राहते.

पती फ्रेंच असल्यामुळे आमचे घर जिनिव्हाला लागून असलेल्या फ्रेंच गावात आहे आणि नोकरी जिनिव्हातील रुग्णसेवेत. इथे आम्हाला फ्रोंतालिए म्हणतात. असे एक लाखाहून अधिक लोक रोज जिनिव्हात येतात, आणि आमच्याविरुद्ध प्रचार करून निवडून येणारा एक पक्षही जिनिव्हात आहे. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा मात्र आरोग्यसेवेतील लोकांना जाता यावे म्हणून नाक्यावर वेगळी वाट काढावी लागली, कारण फ्रेंच बाजूने येणाऱ्या परिचारिका नसत्या तर जिनिव्हाची रुग्णालये चालली नसती.

पण या चर्चेत मला एक बाजू कोणी मांडलेली दिसली नाही. जिथून माणूस येतो त्या गावाचे काय होते? फ्रान्समध्ये शिकलेली परिचारिका सीमा ओलांडली की दुपटीच्या आसपास पगार मिळवते. त्यामुळे आमच्या बाजूच्या रुग्णालयांना माणसे टिकवता येत नाहीत. स्विस पगार घेणाऱ्यांमुळे गावातील भाडी चढली आहेत आणि शाळेतील शिक्षकाला, बसचालकाला इथे घर परवडत नाही. १९७३ च्या करारानुसार जिनिव्हा कँटन आमच्या एकूण पगाराच्या ३.५ टक्के इतकी रक्कम शेजारच्या दोन फ्रेंच जिल्ह्यांना देते, आणि त्यातून रस्ते, शाळा होतात. परंतु त्या रकमेतून परिचारिका परत येत नाही. आमच्या गावातले लोक विचारतात, मर्यादा घालायचा अधिकार फक्त घेणाऱ्यालाच का असावा?

मृद्गंध

हा कोन पहिल्यांदाच वाचला. कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसांबद्दल आपण असे विचारत नाही.

इतिहासवेडा

मृद्गंध, विचारत होतो. फक्त मनिऑर्डर आली की प्रश्न मागे पडत असे.

सरोवरापलीकडे यांच्या शेवटच्या प्रश्नाबाबत: १९६४ मध्ये इटलीने नेमके हेच केले होते. कामगार पाठवणारा देश म्हणून त्याने कराराची फेरबोलणी केली आणि कुटुंबीयांना आणण्याच्या अटी सैल करून घेतल्या. श्वार्त्सेनबाखच्या प्रस्तावाला पुढे जे इंधन मिळाले, त्यात या सवलतीचा वाटा मोठा होता.

मुक्ता_जो

आता धागाकर्त्यांच्या प्रश्नातला व्यवहाराचा भाग. डिसेंबर २०२४ मध्ये स्वित्झर्लंड आणि युरोपीय संघ यांची नव्या करारसंचावरील बोलणी संपली. त्यात मुक्त संचाराबाबतचे संरक्षक कलम अधिक स्पष्ट केले आहे. गंभीर आर्थिक अडचण निर्माण झाली तर स्वित्झर्लंडने आधी संयुक्त समितीकडे जायचे. तिथे एकमत झाले नाही तर लवादाकडे. आणि लवादाने अडचण मान्य केली तर तात्पुरते निर्बंध घालता येतील. त्याच्या बदल्यात समोरच्यालाही भरपाईचे उपाय योजता येतील, पण गिलोटिन पडणार नाही. म्हणजे एक कोटीसारखा ठोकळ आकडा नाही, पण बाजारपेठ राखून थोडा काळ दार ओढून घेण्याची सोय आहे.

यापूर्वीच्या करारातही येणाऱ्यांचा ओघ तात्पुरता आवळण्याची अशी एक तरतूद होती आणि २०१२ मध्ये ती वापरलीही गेली. गंमत म्हणजे ती आधी पूर्व युरोपातील आठ देशांपुरती लावली होती; त्यांत स्वित्झर्लंडचा एकही शेजारी नव्हता.

लिमातकाठ

मुक्ता_जो, आभार. याचा अर्थ मी 'व्यवहार्य नाही' असे लिहिले होते त्यापेक्षा मधली वाट थोडी रुंद आहे. तरीही मला वाटते की झुरिकमधील मतदाराची तक्रार भाड्याची आणि गर्दीने भरलेल्या लोकलची आहे, आणि लवाद ती ऐकणार नाही. भाडे वाढले म्हणून 'गंभीर आर्थिक अडचण' सिद्ध होत नाही.

तिचीनोकर

झुरिकचे सोडा, आमचे तरी सिद्ध होईल का? लवादापुढे अडचण मोजायची ती देशाच्या आकड्यांवर की कँटनच्या? देशाची बेकारी कमी, पगार चढे, उद्योग जोरात. त्या सरासरीत तिचीनो बुडून जाते. निर्बंध त्या त्या भागापुरते घालता येणार असतील तर इथला मतदार हा करारसंच निदान वाचून पाहील. नसतील, तर बर्न आणि ब्रसेल्स यांनी आपसात मिटवलेले आणखी एक प्रकरण म्हणून तो त्याच्या विरोधात मत देईल. आमच्या इमारतीतील गृहस्थ, जे स्वतः १९६० च्या दशकात बेर्गामोहून गवंडी म्हणून आले आणि नंतर स्विस नागरिक झाले, त्यांनी तर तसे आताच जाहीर केले आहे.